मानाची गाठ

आमच्या घरात सगळ्यांत जास्त मान कोणाला होता असं कोणी विचारलं तर मी क्षणाचाही विचार न करता सांगेन, एका दोराच्या गाठीला. आबांना, म्हणजे माझ्या थोरल्या काकांना, वाटायचं की तो मान त्यांना आहे. तसं त्यांना जन्मभर वाटत राहिलं आणि कोणी त्यांची समजूत घालायला गेलं नाही, कारण आमच्या घराण्यात थोरल्यांसमोर खरं बोलण्यापेक्षा उपाशी राहणं सोपं समजलं जातं. मी मात्र आता म्हातारी झाले आहे. माझ्याहून थोरलं घरात कोणी उरलेलं नाही. तेव्हा बोलते.

आमचं आवार शहरातल्या द्वारका नावाच्या चौकापासून हाकेच्या अंतरावर होतं. खाली ऑफिस, वर घर आणि मागे ट्रेलर उभा करायची मोकळी जागा. हल्लीची द्वारका पाहिलेल्यांना पटायचं नाही, पण तेव्हाही तिथे माणसांपेक्षा हॉर्नच जास्त बोलत. पहाटे भाजीचे टेम्पो, मग मुंबईकडचे ट्रक, मग एस.टी. आणि दिवसभर रिक्षा. त्या सगळ्या कालव्यात आमच्या घराचा म्हणून एक आवाज होता, मागच्या फरशीवरून लोखंडी साखळ्या ओढल्याचा. तो आला की आई भाकरीचा तवा उतरवून शिऱ्याची कढई चढवायची. साखळ्या निघाल्या म्हणजे मशीन चढणार, मशीन चढणार म्हणजे पूजा, आणि पूजा म्हणजे शिरा. एरवी आमच्याकडे बाजरीची भाकरी, उडदाचं घुटं आणि खलबत्त्यात कुटलेला ठेचा, ते मला अजूनही जीव की प्राण. शिरा मात्र कोणी पुढे केला तर मी नको म्हणते. लोकांना वाटतं मला मधुमेह आहे.

आमचा धंदा अवजड मशिनं वाहून नेण्याचा. पोकलेन, रस्त्यावरचे रोलर, एकलहऱ्याच्या वीजकेंद्राकडे जाणारे मोठाले पंप, जे स्वतःच्या चाकांवर लांब जाऊ शकत नाही ते सगळं आमच्या ट्रेलरवर चढे. ट्रेलर लांब आणि बुटका होता, आणि तो चालवण्यात फारसं कौशल्य नाही असं माझे वडील, अण्णा, म्हणायचे. कौशल्य बांधण्यात. पोकलेन चढवला की त्याचा पुढचा लांब हात खाली आणून बादली लाकडी फळीवर टेकवायची, वरचा भाग गरकन फिरू नये म्हणून त्याचा खटका लावायचा, चाकांऐवजी असतात त्या लोखंडी पट्ट्यांच्या पुढेमागे ठोकळे ठोकायचे आणि मग चारही कोपऱ्यांना साखळ्या टाकून त्या आवळायच्या. एवढ्यावर भागत नाही. थोडं अंतर गेलं की गाडी बाजूला घेऊन साखळ्या पुन्हा आवळायच्या, कारण धक्क्यांनी मशीन बसतं आणि साखळी सैल पडते. अण्णा सांगायचे, "चौघं खांदेकरी असतात ना, तसं आहे हे. एकाने खांदा काढला की बाकी तिघांचं काही खरं नाही." उपमा अशुभ होती, म्हणून ती आबांच्या पाठीमागेच सांगितली जायची.

तर या चार कोपऱ्यांपैकी पुढचा उजवा कोपरा मानाचा. त्याची गाठ घरातल्या थोरल्या पुरुषाने बांधायची आणि मशीन मुक्कामी उतरेपर्यंत तिला कोणी हात लावायचा नाही, असा आमच्याकडचा रिवाज. रिवाज आजोबांपासूनचा. आजोबांच्या बैलगाड्या होत्या, ते जंगलातून लाकडाचे ओंडके आणत आणि पहिली गाठ स्वतः बांधत. का बांधत? तर पंचक्रोशीत तशी गाठ दुसऱ्या कोणाला बांधता येत नव्हती म्हणून. तिला कोणी हात लावू नये असं ते म्हणत, तेही एवढ्याचसाठी, की हात लावणारा ती बिघडवणार. आजोबा गेले. गाठ बांधण्याची अक्कल त्यांच्याबरोबर गेली, मान तेवढा मागे राहिला आणि तो आबांकडे आला, कारण आबा आधी जन्मले होते. आयुष्यात त्यांनी सर्वांच्या आधी केलेली अशी तीच एक गोष्ट.

आबांचे कपडे पांढरेशुभ्र, खळ घातलेले. साखळीला ग्रीस असतं, ग्रीसचा डाग निघत नाही. म्हणून आबांनी मानाच्या कोपऱ्यातून साखळी काढून टाकली आणि तिथे दोर आणला. दोर ताण पडला की लांबतो, साखळी लांबत नाही, हे शेंबडं पोर सांगेल. पण आबांना कोण सांगणार? नारळ फुटायचा, चाकांखाली लिंबं ठेवली जायची, पोकलेनच्या गळ्यात झेंडूचा हार पडायचा आणि मग आबा दोर हातात घेऊन कोपऱ्याशी उभे राहायचे. गाठ ते अशी बांधत की परकराची नाडीही तिच्यावर टिकली नसती. बांधताना फोटोवाल्याकडे बघत. मोठं मशीन असलं की चौकातला फोटोवाला हटकून बोलावलेला असे. ते फोटो ऑफिसात ओळीने लावलेले होते. प्रत्येकात आबा, आबांचा हात, दोर आणि मागे कडेला अर्धे कापले गेलेले अण्णा. फोटो झाला की आबा रुमालाने हात पुसत आणि "चला, आता काळजी नाही," म्हणत वर शिरा खायला जात.

माझा एक भाचा आता तोच धंदा करतो. त्याच्या गाड्यांना कापडी पट्टे, ते आवळायचे खटके, सगळं नवं आहे. परवा त्याने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला, मशीन निघतंय, ढोल वाजतोय, आणि तो स्वतः काळा चष्मा लावून पुढच्या कोपऱ्याला सॅटिनची रिबीन बांधतोय. "आत्या, परंपरा!" म्हणाला. निदान रिबिनीवर भार टाकत नाही, एवढी सुधारणा तीन पिढ्यांत झाली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते आमच्याकडे पाहून.

आबांच्या गाठीचा पहिला दणका बसला तो घराच्या दारातच. आमचा ड्रायव्हर होता सलीमभाई, मालेगावचा, तोंडाने फाटका, मिजासखोर आणि रोज सकाळी मिसळीवरून कोणाशी तरी भांडणारा. रोलर घेऊन तो आवारातून निघाला आणि द्वारकेच्या वळणावर मानाचा दोर ताणला जाऊन सुटला. रोलर आडवा झाला, त्याचं लोखंडी चाक ट्रेलरबाहेर लोंबलं आणि कडेच्या रसवंतीच्या गाड्याचा चुरा करून थांबलं. रसवाला बर्फ आणायला गेला होता म्हणून वाचला. चारही बाजूंनी वाहनं अडली, हॉर्नचा कल्लोळ उठला. मी ऑफिसात फोन सांभाळत असे, मुलीचा आवाज गिऱ्हाइकाला बरा वाटतो असा आबांचा सिद्धांत होता, तर मी तिथून धावत गेले आणि तो लोंबणारा लोखंडी गोळा पाहून तिथेच थबकले. आबा आले, त्यांनी सगळीकडे पाहिलं आणि निदान केलं, "सलीम, वळण झटक्यात घेतलंस."

सलीमभाई सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं ओरडला, "आबासाहेब, गाठ तुमी बांदली ना? मंग गाठीला विचारा! तुमची इज्जत तुमच्यापाशी, माजी जान माज्यापाशी. मी चाललो." आणि खरंच किल्ली अण्णांच्या हातात ठेवून तो गेला. गेला तो गेलाच. संध्याकाळी आबांनी घरात जाहीर केलं की चूक आपलीच होती, दोर जुना झाला होता. दुसऱ्या दिवशी जाऊन ते नवा दोर घेऊन आले, लाल-पिवळा, चकचकीत. रंगीत दोर आणला की झालं.

ड्रायव्हर नाही म्हणून अण्णा स्वतः गाडी चालवू लागले. आता माझ्या वडिलांबद्दल बोलायला हवं आणि ते मला जड जातं. अण्णांना सगळं कळत होतं. बांधणं त्यांच्याइतकं कोणालाच येत नव्हतं. पण आबांसमोर ते मान वर करून उभे राहिलेले मी पाहिले नव्हते. आईबाप लवकर गेले, थोरल्या भावाने वाढवलं, हे ऋण त्यांच्या पाठीवर कायमचं बसलेलं. वाढवलं म्हणजे काय, तर आबा घरात असत आणि वाढवलं मोठीआईने, म्हणजे आबांच्या बायकोने. ती लग्न होऊन आली तेव्हा अण्णा शाळकरी होते. त्यांना न्हाऊमाखू घातलं तिने, तापात उशाशी बसली ती. पण उपकाराच्या पाटीवर नाव आबांचं.

पहिल्याच खेपेला अण्णा कसाऱ्याचा घाट उतरून गेले आणि परत आले ते चेहरा पांढराफटक घेऊन. आईने ताट वाढलं तर भाकरीचा तुकडा हातातच राहिला. आबांनी विचारलं, "काय रे, कसं झालं?"

"उतारावर मशीन सरकलं, आबा. वीतभर. पुढच्या कोपऱ्याकडून."

"पण पोचलं ना?"

"पोचलं."

"मग!" असं म्हणून आबांनी कढीची वाटी तोंडाला लावली. अण्णांनी मान खाली घातली. मोठीआई वाढत होती, तिची पळी मध्येच थांबलेली मला आठवते. मी आतल्या आत जळत होते, आणि खरं सांगायचं तर आबांपेक्षा अण्णांवर जास्त. आबा मूर्ख आहेत हे मी केव्हाच मनाशी ठरवून टाकलं होतं. शहाण्या माणसाने मूर्खाच्या गाठीवर बायकोचं कुंकू टांगावं याचा मला संताप येत होता.

मग सुरगाण्याचं काम आलं. तिकडे डोंगरात बंधारा बांधायचा होता, त्यासाठी पोकलेन पोचवायचा. न्यायला तिथलेच देवरामभाऊ आले होते, बंधाऱ्याच्या कामावरचे मुकादम. आदल्या दिवशी येऊन त्यांनी ऑफिसात बसून मला रस्ता सांगितला. "वणीपर्यंत काय नाय, ताई. पुढं घाट हाय. उतार लय, आन् वळणं अशी का पुढचं चाक दिसत नाय. आमच्या जीपा जातात त्याच देवाचं नाव घेऊन." त्यांनी भीती घालायला सांगितलं नव्हतं, पण रात्री माझा डोळा लागला नाही.

सकाळी साखळ्या ओढल्याचा आवाज आला तशी मी चहा घेऊन मागे गेले. अण्णा एकटेच तीन कोपऱ्यांच्या साखळ्या आवळत होते. चौथा कोपरा रिकामा, दोराची वाट बघत. मी म्हटलं, "अण्णा, इथेही साखळी टाका. आबांचा दोर वरून राहू दे. त्यांना कळणारसुद्धा नाही."

"त्या कोपऱ्याला थोरल्यांचा हात लागतो, कुंदा."

"मग द्वारकेतून बाहेर पडल्यावर टाका."

"हात लागल्यावर नाही लावायचा आपण."

"आणि मशीन केबिनवर आलं तर?"

साखळीला एक हिसका देऊन त्यांनी ताण पाहिला, चहा प्यायले आणि कप माझ्या हातात देताना म्हणाले, "तुझ्या आईला यातलं काही बोलू नकोस." मला रडू फुटलं. रागानेच फुटलं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. मी तशीच वर गेले. आईला काही बोलले नाही. स्वयंपाकघराच्या दारात मोठीआई नारळ सोलत बसली होती, तिला सगळं सांगितलं. कसाऱ्याचं, घाटाचं, साखळीचं. तिने ऐकून घेतलं. "शेंडी नीट राहिली नाही बघ नारळाची," एवढंच म्हणाली आणि दुसरा नारळ घेतला.

पूजा थाटात झाली. फोटोवाला आला होता, शेजारचे टायरवाले आणि चहावाला असे नेहमीचे लोक जमले होते. हार पडला, लिंबं ठेवली गेली. आबांनी लाल-पिवळा दोर पोकलेनच्या कडीतून ओवला, ट्रेलरच्या हुकात अडकवला आणि फोटोवाल्याकडे बघत गाठ मारली. दोराचं टोक लांब राहिलं होतं, ते त्यांनी झालरीसारखं सोडून दिलं. टाळ्या पडल्या. आईने अण्णांच्या हातावर दही ठेवलं. अण्णा केबिनमध्ये चढले, दुसऱ्या बाजूने देवरामभाऊ चढायला लागले, तेव्हा मोठीआई ओवाळणीचं तबक घेऊन पुढे आली.

"देवरामभाऊ, तुम्ही उतरा. ती जागा यांची आहे."

"कोणाची?" आबा म्हणाले.

"तुमची. मानाची गाठ तुमची, तर मानकरी सोबत नको? आमच्या माहेरी जत्रेत काठी निघाली की मानकरी देवळापर्यंत पायी चालतो. घरी बसून मान घेत नाही कोणी." आवाज तिचा नेहमीचाच, मीठ कुठे ठेवलं आहे हे सांगावं तसा. "मागच्या खेपेला मशीन हललं म्हणे. तुम्ही जवळ नव्हता म्हणून हललं असेल. आज घाटाचा रस्ता आहे, तुम्ही असलात की आम्हाला घोर नाही."

लोकांमध्ये लगेच मान डोलावणं सुरू झालं. टायरवाला म्हणाला, "वहिनींचं बरोबर आहे, आबा." देवरामभाऊ तर पायरीवरून खाली उतरलेच. "बसा ना आबा, मी मागून जीपनं येतो. तुमी आले तं आमच्या लोकांला बी बरं वाटंल." फोटोवाल्याने कॅमेरा पुन्हा सरसावला. आबांनी कंबर दुखत असल्याचं सांगून पाहिलं. मोठीआईने वरून गादी मागवली. ऑफिसात काम आहे म्हणाले, तर मी पटकन बोलले, "आज कोणाचाच फोन यायचा नाही, आबा." मानाला मानच आडवा आला. आबा केबिनमध्ये चढले. मोठीआईने त्यांना ओवाळलं, कपाळाला टिळा लावला, खिडकीतून शिऱ्याचा डबा दिला.

अण्णांनी गाडी सुरू केली. ब्रेकची हवा फुस्स करून सुटली. आबांनी खिडकीतून मागे वळून पाहिलं. एवढ्या वर्षांत त्यांनी ते मशीन त्या जागेवरून कधी पाहिलंच नव्हतं. आवारातून पोकलेन फोटोला शोभेसा दिसायचा. केबिनमधून त्याचा तो अजस्र हात थेट आपल्या मानेवर रोखलेला दिसतो आणि मध्ये अडवायला असतो एक रंगीत दोर. मग आबा अण्णांकडे झुकले. हळू बोलायचा त्यांचा विचार असावा, पण इंजिनाच्या आवाजावर बोलायचं म्हणजे ओरडावंच लागतं, आणि ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"रघू, त्या पुढच्या कोपऱ्याला साखळी टाकून घे रे."

अण्णांनी इंजिन बंद केलं. अचानक इतकं शांत झालं की चौकातला एकेक हॉर्न वेगळा ऐकू यायला लागला.

"का?" अण्णा म्हणाले. थोरल्या भावाला त्यांनी विचारलेला हा पहिला 'का' असेल.

"अरे, घाट आहे ना."

"कसाऱ्यालाही घाटच होता, आबा."

आणि आबा म्हणाले, अगदी सहज, लहान मुलाला समजावून सांगावं तसं, "तेव्हा मी कुठे गाडीत होतो?"

बोलून झाल्यावरही आपण काय बोललो ते त्यांना कळलं नव्हतं. आम्हाला कळलं. टायरवाला जमिनीकडे बघायला लागला. आईने तोंडाला पदर लावला. मी आजवर आबांना मूर्ख समजून त्यांची कीव करत आले होते, ती कीव त्या क्षणी संपली. या माणसाला माहीत होतं. गाठ धरत नाही हे त्यांना पहिल्यापासून पक्कं माहीत होतं, सलीमभाई गेला तेव्हाही, कढी पितानाही. मूर्खपणाला मी एक वेळ माफ केलं असतं.

अण्णांनी खिडकीतून मोठीआईकडे पाहिलं. ती तबकातली विझलेली वात नीट करत होती. मग ते उतरले, ट्रेलरवर चढले आणि मानाची गाठ त्यांनी सोडली. सोडली म्हणजे काय, टोक ओढलं तशी ती निघूनच आली. दोर त्यांनी खाली टाकला आणि साखळी मागितली. देवरामभाऊंनी ती उचलून दिली. त्या दिवशी सुरगाण्याला पोचेपर्यंत मशीन बोटभरही हललं नाही, पण ते पुढचं. त्या कोपऱ्याची साखळी आवळून झाल्यावर अण्णा खाली येतील असं आम्हाला वाटलं होतं. ते आले नाहीत. उरलेल्या तीन साखळ्याही त्यांनी सोडल्या, आणि आधीची घाई, आधीची भीती सगळी टाकून देऊन पहिल्यापासून बांधायला घेतलं.

ऊन चढलं होतं. केबिनचा पत्रा तापला असणार. आबांनी दार उघडून एक पाय पायरीवर ठेवला आणि म्हणाले, "मी तोवर वर जाऊन येतो."

अण्णांनी साखळीवरची नजर काढली नाही. "बसून राहा," ते म्हणाले.

आबांनी पाय आत घेतला.